गोव्यातून उल्कावर्षाव पाहायचा तर ऑगस्ट सोडा, डिसेंबर धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशाच्या एका कुटुंबाने ऑगस्टमध्ये 'तासाला शंभर उल्का' अशी बातमी वाचली, रात्री वागातोरला कड्यावर जाऊन दोन तास बसले आणि ढगांखेरीज काही पाहायला मिळालं नाही. आता डिसेंबरातला उल्कावर्षाव पाहायला दहा वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं आहे. कुठे जावं, किती वाजता जावं, दुर्बीण विकत घ्यावी का? शिवाय संध्याकाळी समुद्रावर एकाच जागी लखलखणारा दिवा दिसतो तो कसला, आणि एकदा एकामागोमाग एक चालत गेलेली दिव्यांची माळ कसली, हेही त्यांना हवं आहे.

ऑगस्टचं आधी निकालात काढू. १२-१३ ऑगस्टचा ययाती उल्कावर्षाव, म्हणजे पर्सीड, जगभर गाजतो, कारण युरोप-अमेरिकेत तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते आणि लोक रात्री बाहेर झोपलेले असतात. आपल्याकडे श्रावणाच्या आगेमागे असतो आपण, दर्या खवळलेला आणि आकाश गोधडी पांघरलेलं. २०२६ सालचंच घ्या. त्या वर्षी बरोबर १२ ऑगस्टला अमावास्या आहे, स्पेन आणि आइसलँडमधून त्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, म्हणजे चंद्राच्या हिशेबाने याहून चांगलं वर्ष नाही. तरी गोव्यात त्या रात्रीसाठी सुट्टी टाकून बसण्यात अर्थ नाही. आणि नशिबाने ढग फाटलेच, तरी ययाती तारकासमूह उत्तरेला बराच कलता. आपल्या १५ अंश अक्षांशावरून उल्कांचा उगमबिंदू, म्हणजे आकाशात त्या जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा, रात्री साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि पहाटे चारपर्यंत क्षितिजापासून कसाबसा ४० अंशांवर येतो. पहाटे तीन-चारला जाग आली आणि खिडकीतून तारे दिसले, तर गच्चीवर जरूर जा. त्यापलीकडे पर्सीडच्या मागे लागू नका.

गोव्याचा खरा उल्कावर्षाव मिथुन राशीतला, जेमिनिड. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री त्याच्या. पाऊस जाऊन दोन महिने झालेले, आकाश धुतलेलं, थंडी अंगावर शाल घेण्याइतपत. उगमबिंदू पुनर्वसूच्या जोडीतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ. तो आपल्याकडे रात्री आठच्या सुमारास ईशान्येला उगवतो आणि अडीचच्या सुमारास ७० अंशांच्या वर, जवळजवळ डोक्यावर येतो. लंडनच्या माणसालाही तो याहून उंच मिळत नाही. या उल्कांचा जनक धूमकेतू नव्हे, फेथॉन नावाचा जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा खडकाळ लघुग्रह आहे. १९८३ मध्ये आयरास या उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला. दर १.४ वर्षांनी तो सूर्याच्या इतक्या जवळून जातो की बुधाची कक्षासुद्धा मागे पडते. त्याचा चुरा धूमकेतूच्या धुळीपेक्षा घट्ट आणि आपल्याकडे येण्याचा वेगही बेताचा, सेकंदाला ३५ किलोमीटर. पर्सीड येतात ५९ ने, नोव्हेंबरातल्या सिंह राशीतल्या ७१ ने. म्हणून मिथुनेची उल्का डोळ्यांना सापडते. 'ती बघ' म्हणेपर्यंत ती असते, आणि लहान मुलांच्या बाबतीत या अर्ध्या सेकंदाला फार किंमत आहे.

आता त्या आकड्याकडे येऊ, कारण बहुतेक निराशा तिथूनच सुरू होते. मिथुन उल्कावर्षावाचा तासाचा दर साधारण १५० सांगतात. हा दर तीन अटींवर काढलेला असतो: उगमबिंदू अगदी डोक्यावर, आकाश इतकं काळं की साडेसहा प्रतीचे अंधुक तारे दिसावेत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक), आणि पाहणाऱ्याने एक क्षणही नजर न हलवता तासभर पाहावं. यातली एक अट ढासळली की आकडा कोसळतो. तुमच्या आकाशात साडेपाच प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असतील, तर १५० चे साठाच्या आत येतात. साडेचार प्रतीपर्यंत, म्हणजे म्हापशातल्या किंवा मडगावातल्या सोसायटीच्या गच्चीवर एखाद्या चांगल्या रात्री दिसतात तितके, तर वीस-बावीस. वर पुन्हा उगमबिंदू रात्री दहाला २५-३० अंशांवरच असतो, त्यामुळे त्याचेही निम्मे. अंधुक उल्का नेहमीच ठळक उल्कांपेक्षा जास्त असतात, आणि दिव्यांचा उजेड आधी त्यांनाच खातो. त्यामुळे घरातून निघताना मुलीला शंभर सांगू नका. 'तासाला वीस-तीस दिसल्या तर आपली रात्र चांगली' असं सांगा, मग चाळीस दिसल्या की ती उड्या मारेल.

आपलं आकाश किती काळं आहे हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा कृत्तिका मोजा. डिसेंबरात रात्री नऊ-दहाला कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर असतो. नुसता धूसर ठिपका वाटत असेल तर जागा बदला. सहा तारे सुटे दिसले तर थांबा. सात किंवा जास्त दिसले तर जागा कोणाला सांगू नका.

चंद्राचं कॅलेंडर हवामानाइतकंच पाहावं लागतं. भिंतीवरचं कालनिर्णय घ्या आणि १३-१४ डिसेंबरची तिथी बघा, एवढं पुरतं. २०२६ मध्ये ९ डिसेंबरला अमावास्या होते, तेव्हा १३ ला कोवळी कोर दहाच्या सुमारास मावळून जाईल आणि उरलेली रात्र तुमची. २०२७ मध्ये ऐन १३ डिसेंबरला पौर्णिमा आहे. त्या वर्षी फक्त ठळक उल्का दिसतील, लांबचा प्रवास करू नका. २०२८ पुन्हा उत्तम, अमावास्येच्या तोंडावर. जाता जाता सांगतो, २०२८ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे आणि त्याचा मध्य साडेदहाच्या आधी-मागे येतो. किनाऱ्यावर थर्टी फर्स्टला जमलेल्या गर्दीपैकी किती जणांच्या ते लक्षात येईल, मला कुतूहल आहे.

वेळ कोणती? सगळीकडे 'मध्यरात्रीनंतर' असं छापलेलं असतं आणि त्याला कारण आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते आहे, आणि मध्यरात्रीनंतर आपण तिच्या पुढच्या बाजूला आलेलो असतो. पावसात स्कूटर चालवताना छाती भिजते आणि पाठ तितकी भिजत नाही, तसंच हे: पुढच्या बाजूला धुळीचे कण जास्त आदळतात. पण मिथुन उल्कावर्षावाला ही सवलत आहे की उगमबिंदू लवकर उगवतो. लहान मूल बरोबर असेल तर साडेनऊ ते साडेबारा बसा. सुरुवातीच्या तासात संख्या कमी असते, पण उगमबिंदू क्षितिजालगत असताना ज्या येतात त्या वातावरणाला तिरक्या घासत, अर्धं आकाश ओलांडत जातात. अशी एक लांबलचक उल्का पाहिली की मूल झोपायचं नाव काढत नाही. मोठी माणसं असाल तर एक ते चार हा वेळ सोडू नका.

जागेबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही: समुद्रकिनारा ही गोव्यातली पहिली पसंती असू नये. पश्चिमेला समुद्र काळा असतो हे खरं. पण कळंगूटपासून हरमलपर्यंत पाठीमागे शॅक, हॉटेलं आणि फ्लडलाइट असतात, आणि आकाशात क्लबांचे फिरते झोत. समोर क्षितिजावर मासेमारीच्या बोटी. प्रखर एलईडी लावून मासेमारी करायला २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी क्षितिजावर उजेडाचे डाग दिसतातच. पणजीत मांडवीतल्या कॅसिनो बोटींनी आकाशाचं काय केलंय ते पाटो पुलावरून जाताना बघा. मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये चालू झाल्यापासून पेडण्याच्या सड्यावरचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरचा, काळोखही पूर्वीचा राहिलेला नाही. त्यात किनाऱ्यावरची हवा दमट, त्यामुळे क्षितिजापासून पंधरा-वीस अंशांपर्यंतचे तारे पुसट.

मी असतो तर पूर्वेला किंवा दक्षिणेला गेलो असतो. म्हापशाहून सर्वांत सोपं म्हणजे सत्तरी: वाळपईच्या पलीकडे, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावांकडे. दिवाळीनंतर भात कापून झालेलं असतं, मोकळी शेतं मिळतात. साखळी-डिचोलीचा उजेड पश्चिमेला राहतो आणि ज्या बाजूला उल्का पाहायच्या ती पूर्व-ईशान्य काळी मिळते. वेळ असेल तर सांगे आणि काणकोण. साळावली धरणाच्या पुढे नेत्रावळीचा परिसर, तिकडे खोतीगावच्या बाजूची गावं, काब द रामच्या किल्ल्याजवळचा सडा. अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरता येत नाही, शिरूही नका. गावातल्या कोणाच्या तरी अंगणात किंवा होमस्टेच्या आवारात परवानगी घेऊन बसा, आणि व्हरांड्यातला दिवा बंद करायची विनंती आधीच करून ठेवा. धुक्याचा मात्र विचार हवा. नदीकाठच्या आणि धरणाजवळच्या खोलगट जागी डिसेंबरात पहाटे तीन-चारला धुकं भरतं आणि बघता बघता मृग नक्षत्र गायब होतं. म्हणून दरीत न बसता थोडं उंचावर बसा.

किनाराच हवा असेल तर दक्षिणेकडचा, आणि तिथेही विचारून. गालजीबाग आणि आगोंद इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, उत्तरेत मोरजी आणि मांद्रेला. तिथे रात्री टॉर्च पाजळत वाळूत फिरणं म्हणजे मादीला समुद्रात परत पाठवणं. वनखात्याची माणसं हटकतील, आणि बरोबर करतील.

सड्यावर जाणार असाल तर पायात बूट हवेत. जांभ्या दगडाच्या कातळावर फुरसं असतं, ते आखूड, मातकट आणि रात्रीचं हिंडणारं. अंथरूण घालण्याआधी टॉर्च मारून जागा नीट बघायची, दगड उचकटायचे नाहीत. आणि माडाखाली झोपायचं नाही. आकाश झाकतं हे एक कारण झालं, दुसरं कारण गोव्यात सांगावं लागत नाही.

बसायचं कसं, यावर दोन गोष्टी सांगतो, त्यातली पहिली लोक हमखास मोडतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती सवय मोबाइलच्या एका झगमगाटाने जाते. व्हॉट्सॲपवर 'आत्ताच एक दिसली' असं टाकायला फोन काढला की पुढच्या दहा मिनिटांतल्या अंधुक उल्का तुमच्यापुरत्या पडल्याच नाहीत असं समजा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाच्या तीन-चार घड्या रबरबँडने बांधा, एवढा उजेड पुरतो. मुलीच्या हातात तीच टॉर्च द्या, लाल दिव्याची जबाबदारी मिळाली की पांढरा दिवा लावणाऱ्या मोठ्यांना ती स्वतःच ओरडेल.

दुसरी गोष्ट, उभं राहून मान वर करून पाहू नका. पंधरा मिनिटांत मान दुखते आणि कार्यक्रम संपतो. आरामखुर्ची किंवा चटई, त्यावर जाड चादर, वर पांघरूण. दव इतकं पडतं की पहाटेपर्यंत उशी ओली होते, म्हणून चटईखाली प्लास्टिक आणि बॅगेत कोरडा टॉवेल. नजर उगमबिंदूवर रोखायची नाही. तिथल्या उल्का सरळ आपल्या दिशेने येत असतात, म्हणून त्यांची रेघ अगदी आखूड दिसते. बिंदूपासून ४०-५० अंश बाजूला, जिकडे आकाश जास्त काळं तिकडे पाहा. पसरलेला पंजा हात लांब करून धरला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश होतात, तेव्हा असे दोन-अडीच पंजे मोजा. तिघं-चौघं असाल तर प्रत्येकाने वेगळी दिशा वाटून घ्यावी.

दिसलेली उल्का मिथुनेचीच का हे ठरवायचं तर तिची रेघ मनात मागे ओढत न्या. ती पुनर्वसूकडे गेली तर आपली. दुसरीकडे गेली तर ती भटकी. कोणत्याही अंधाऱ्या रात्री तासाला पाच-दहा भटक्या उल्का पडतच असतात, त्यांना उल्कावर्षावाची गरज नसते. मिथुनेच्या उल्का पांढुरक्या किंवा पिवळसर, मध्यम चालीच्या, आणि मागे धुराची रेघ सहसा न ठेवणाऱ्या. ऑक्टोबरच्या मृगातल्या आणि नोव्हेंबरच्या सिंहेतल्या वेगवान, त्यांच्या मागे क्षणभर उजळ रेघ तरंगत राहते. हिरवट झाक दिसली तर बहुधा मॅग्नेशियम, पिवळी-नारिंगी दिसली तर सोडियम. हे सगळं वाळूच्या कणाएवढ्या, फार तर वाटाण्याएवढ्या खड्यातून निघतं आणि सुमारे १०० किलोमीटर उंचीवर घडतं.

नोंद ठेवायची असेल तर पंधरा-पंधरा मिनिटांचे कप्पे करा. प्रत्येक उल्केला एक उभी रेघ, भटकीला शून्य, ठळक असेल तर शेजारी फुली. पेन्सिल वहीला दोऱ्याने बांधा, काळोखात ती पडते आणि मग सगळे टॉर्च लावून शोधत बसतात. नोंदी नीट असतील तर त्या आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेला पाठवता येतात. ही संघटना जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशाच मोजदादीवर दर काढते.

बाकीचे उल्कावर्षाव थोडक्यात. जानेवारीच्या ३-४ तारखेचा क्वाड्रँटिड जोरदार, पण त्याचा जोर काही तासच टिकतो आणि ते तास आपल्या रात्रीत येतील तेव्हाच खरा. एप्रिलच्या २२ चा स्वरमंडलातला मध्यम. २१-२२ ऑक्टोबरचा मृगातला हॅलेच्या धूमकेतूचा आहे, पहाटे तीन-चारला चांगला. कधी कधी तो दिवाळीला लागून येतो. २०२५ मध्ये नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला होती, गोव्यात अर्धी तरुणाई रात्रभर नरकासुराच्या पुतळ्यांमागे जागी होती, वर आकाशात चंद्रही नव्हता, आणि फटाक्यांच्या धुरातून वर बघणारं कोणी नव्हतं. ५-६ मेचा कुंभेतला, तोही हॅलेचाच, याबद्दल मला विशेष आस्था आहे. युरोपच्या निरीक्षकांना तो जवळजवळ मिळतच नाही, आपल्याला पहाटे सव्वादोन ते पावणेपाच या वेळात बरा मिळतो. मेचा उष्मा आणि वळवाचे ढग यांच्या तावडीतून सुटला तर बघा. सिंहेचा १७-१८ नोव्हेंबरला, एरवी अगदी शांत. टेंपल-टटल धूमकेतू दर ३३ वर्षांनी येतो तेव्हा तो खवळतो. १८३३ मध्ये अमेरिकेत लोकांना जगबुडी आली असं वाटलं होतं. तो धूमकेतू २०३१ मध्ये परत सूर्याजवळ येतो.

आता संध्याकाळचा तो दिवा. सूर्यास्तानंतर पश्चिमेला, न लुकलुकणारा, पांढराशुभ्र आणि इतका तेजस्वी की दिवेलागणीआधीच दिसतो, तर तो शुक्र. व्याध ताऱ्यापेक्षा तो १५-२० पट उजळ असतो आणि शांत समुद्रावर त्याच्या प्रकाशाची वाट दिसते. तपासायची खूण सोपी आहे. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब जात नाही, म्हणून संध्याकाळी तो फार तर तीन-सव्वातीन तास राहतो आणि मावळतो. मध्यरात्री डोक्यावर तेजस्वी दिवा दिसला तर तो शुक्र असूच शकत नाही, बहुधा गुरू. मावळताना क्षितिजाजवळच्या दमट हवेत शुक्र तांबडा-हिरवा होतो, थरथरतो, आणि लोक शपथेवर सांगतात की ती बोट होती.

डिसेंबरात त्याच कारणाने व्याध लोकांना चकवतो. मृगाच्या पट्ट्याचे तीन तारे आग्नेयेकडे वाढवत नेले की तो सापडतो. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, आणि पूर्वेला खाली असताना निळा-तांबडा-हिरवा असा चमचमतो की ड्रोन वाटावा. त्याच्या खाली, दक्षिणेला पिवळसर पांढरा अगस्ती. तो आपल्याकडे २१-२२ अंशांच्या वर चढत नाही, पण दिल्लीवाल्यांना तो क्षितिजालगतच बघावा लागतो. मेमध्ये संध्याकाळी दक्षिणेला त्रिशंकूही दिसतो, समुद्राचं क्षितिज मोकळं असेल तर.

दिव्यांची जी माळ दिसली, ती स्टारलिंक, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची रांग. २०१९ पासून हे उपग्रह एकेका रॉकेटमधून थव्याने सोडतात. पहिले काही दिवस ते एका ओळीत, एकाच अंतराने चालतात, मग वरच्या कक्षेत विखुरतात आणि फिके पडतात. एकटा, न लुकलुकणारा, विमानाचा आवाज नसलेला पिवळसर-पांढरा दिवा चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडून गेला तर ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर ९२-९३ मिनिटांना एक फेरी. संध्याकाळी किंवा पहाटेच दिसतं, कारण आपण अंधारात आणि ते उन्हात असावं लागतं. म्हणूनच कधी कधी ते ऐन आकाशाच्या मध्यावर विझतं. तिथे ते पृथ्वीच्या सावलीत शिरतं. वेळा सांगणारी ॲप फुकट मिळतात. मुलीला आधी वेळ सांगून ते दाखवा, ठरल्या मिनिटाला ते वायव्येतून उगवतं किंवा नैऋत्येतून, आणि त्याचा परिणाम उल्केपेक्षा कमी नसतो.

एका जागी स्थिर राहून उजळत जाणारा तारा, मिनिट-दीड मिनिटाने त्याचे तांबडे-हिरवे दिवे सुटे होतात, तर ते दाबोळी किंवा मोपाला उतरणारं विमान, तुमच्याच दिशेने येत असलेलं. नाताळ ते नवीन वर्ष या काळात नारिंगी, हळू, वाऱ्याबरोबर एकाच दिशेने जाणारे आणि एकेक करून विझणारे दिवे म्हणजे किनाऱ्यावरून सोडलेले कागदी कंदील.

एक घटना मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात हजारो लोकांनी आकाशातून जळत जाणारी ठिणग्यांची रांग पाहिली. सगळीकडे 'उल्का' म्हणून व्हिडिओ फिरले. तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा निकामी टप्पा होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं आणि गोळे सापडले. व्हिडिओ पाहूनच ओळखता येत होतं, कारण उल्का एक-दोन सेकंदांत आटपते, फार मोठी असेल तर पाच-सहा. मानवनिर्मित तुकडे सेकंदाला सात-आठ किलोमीटरनेच येतात, म्हणून ते अर्धं मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ, जवळजवळ क्षितिजाला समांतर, तुटत तुटत जातात. व्हिडिओ काढायला वेळ मिळाला, हाच पहिला पुरावा समजा.

खरा अग्निगोल, म्हणजे शुक्राहून तेजस्वी उल्का, दिसला तर सगळे एकच वाक्य बोलतात: 'त्या डोंगरापलीकडे पडली.' पडलेली नसते. ८० किलोमीटर उंचीवर विझलेली उल्का तुम्हाला १५ अंशांवर दिसली, तर ती जमिनीवरून मोजल्यास ३०० किलोमीटर लांब होती. वाळपईहून पूर्वेच्या डोंगरामागे गेलेली उल्का जवळपास बेळ्ळारीच्या आकाशात होती, आणि तिथल्या कोणी तरी ती आपल्या डोक्यावर पाहिली. म्हणून दिसताक्षणी चार गोष्टी लिहा: वेळ मिनिटासकट, कुठल्या ताऱ्यापासून कुठल्या ताऱ्यापर्यंत गेली, किती सेकंद, आणि तुम्ही कुठे उभे होता. मग दोन-तीन मिनिटं गप्प बसून कान द्या. मोठा अग्निगोल खाली उतरला तर गडगडाट मिनिटांनंतर येतो, आणि त्यावेळी सगळे ओरडत असल्याने तो कोणालाच ऐकू जात नाही. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अग्निगोलाची नोंद देता येते. वेगवेगळ्या गावांहून आलेल्या नोंदींवरून तिचा मार्ग काढतात.

दुर्बिणीचं शेवटी. उल्कांसाठी ती निरुपयोगी, कारण तिच्यातून आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो आणि उल्का दुसरीकडून जाते. मोठी दुर्बीण घ्यायची घाई करू नका. पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीची माणसं वर्षानुवर्षं लोकांना ग्रह-तारे दाखवत आली आहेत, त्यांच्या कार्यक्रमात आधी शनी आणि चंद्र पाहून या, मग मुलीला खरंच गोडी लागते का ते कळेल. घ्यायचीच तर साधी १०×५० ची द्विनेत्री घ्या, आणि हात थरथरतो म्हणून ती ठेवायला तिकाटणं. तिच्यातून गुरूचे चार उपग्रह, कृत्तिकांतले चाळीसेक तारे आणि मृगातला तेजोमेघ दिसतो, आणि दोन उल्कांच्या मधल्या कंटाळवाण्या दहा मिनिटांत तेच कामाला येतं. कॅमेरा असेल तर रुंद भिंग, छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ १६०० ते ३२००, १५ ते २० सेकंदांचे फोटो एकामागोमाग एक सोडून द्या आणि त्याच्याकडे पाहू नका. भिंगावर दव बसतं, अर्ध्या तासाने मऊ फडक्याने टिपायचं.